चावणारी मुलगी आणि वरच्या मजल्यावरची जाऊ

ती मुलगी चावायची. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर लोकांनी त्याला इतकं काय काय जोडलं की मूळ गोष्ट बाजूलाच राहिली. वय साडेतीन, अंगाने बारीक, दोन शेंड्यांना लाल रिबिनी, आणि दात एकदम पक्के. शाळा उघडून थोडेच दिवस झाले होते. तिने आधी एका मुलीच्या दंडाला चावा घेतला, मग दुसऱ्या एकीच्या बोटाला, आणि मग माझ्या पुतण्याच्या गालाला.

मी मानेवाड्याच्या पुढे एका लेआउटमधल्या शाळेत नर्सरीला शिकवते. शाळा कसली, मोठा बंगलाच आहे. गाड्या लावायच्या जागेत भिंती घालून वर्ग काढलेत, मागे वाळूचा हौद आणि एक घसरगुंडी. आमचं घर तिथून जवळच. खाली मी आणि माझा नवरा, वरच्या मजल्यावर दीर, जाऊ आणि त्यांचा मुलगा. आम्हाला मूल नाही. पुतण्या जन्मला तेव्हापासून अर्धा वेळ खालीच असायचा. जाऊ बँकेत नोकरीला, त्यामुळे त्याची आंघोळ, त्याचा वरणभात, दुपारची झोप, सगळं माझ्याकडे. तो मला मोठाई म्हणतो. आमच्याकडे बापाच्या मोठ्या भावाच्या बायकोला तसंच म्हणतात, पण मला ते ऐकायला फार आवडायचं. त्याला माझ्याच वर्गात घालायचं हे जावेनेच ठरवलं होतं. "घरचं माणूस आहे तिथं, मले काहीच टेन्शन नाही," असं ती सगळ्यांना सांगायची.

त्या दिवशी संध्याकाळी ती बँकेतून आली आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून खाली माझ्या स्वयंपाकघरात शिरली. एका हाताने मुलाला धरलेलं, दुसऱ्या हातात मोबाइल.

"ताई, हे काय आहे?"

मोबाइलवर गालाचा फोटो होता, मोठा करून काढलेला. खरा गाल शेजारीच उभा होता आणि माझ्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू खात होता.

"दुपारी बर्फ लावला मी," मी म्हणाले. "कातडी फाटली नाही. उद्यापर्यंत उतरेल."

"बर्फाचं नका सांगू मले. ती पोट्टी अजून शाळेत काहून आहे?"

"साडेतीन वर्षांची आहे वं ती."

"मंग? चावणारं कुत्रं लहान असलं म्हनून कोनी घरात ठेवते का?"

मी गॅस बंद केला. म्हटलं, माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून लेकराला कुत्रं म्हणायचं नाही. ती म्हणाली, मग तुमच्या वर्गात माझ्या लेकराला चावायचं नाही. पुतण्याने लाडू संपवला आणि अजून एक मागितला. तिने त्याला ओढत वर नेलं.

रात्रीच्या जेवणाआधी तो फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला होता. मी त्या ग्रुपवर होते, हे जावेला पक्कं माहीत होतं. खाली एकेक येत गेलं. अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात. घरात मारझोड होत असेल. टीव्ही फार पाहत असेल. बुटीबोरीवाले आहेत ना ते, बाहेरचे. मुलीचा बाप बुटीबोरीच्या कापड मिलमध्ये कामाला होता, मूळ बालाघाटकडचा, एवढ्यावरून लोकांनी सगळं ओळखलं. एकाने विचारलं, पोरीला रेबीजचं इंजेक्शन दिलंय का. त्यावर हसण्याचे कितीतरी चेहरे आले. त्यात जावेचाही होता.

मुलीचा बापही त्याच ग्रुपवर होता. 

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. शाळा त्यांच्या मालकीची. बाहेरच्या भिंतीवर इंग्रजीत मोठ्या रंगीत अक्षरांत लिहिलंय की इथे प्रत्येक मूल फुलतं. मॅडम म्हणाल्या, "देखो, मेरेको झगडा नहीं चाहिए. तिच्या फादरला सांगून टाका, चुकून जास्त ॲडमिशन झाल्या, सीट नाही."

"मी खोटं सांगणार नाही."

"खोटं काय त्यात? सीट नाहीच आहे, समजा."

"मग तुम्हीच सांगा."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमचा स्वतःचा भतीजा आहे तो. घरच्या पोराची तरी काळजी करा."

घरच्या पोराची काळजी मला कोणी शिकवायला नको होती. त्याच्या गालावरच्या त्या लाल अर्धगोलावर बर्फ मीच धरून बसले होते. पण नर्सरीत मी इतकी वर्षं काढली आहेत की चावणारं मूल मला नवं नाही. कोणी मारतं, कोणी ढकलतं, कोणी थुंकतं, कोणी कोपऱ्यात जाऊन चड्डी ओली करतं. बोलता येत नाही तेव्हा शरीर बोलतं. त्यात डाकीण, जनावर, संस्कार असलं काही नसतं. ते मूल कधी चावतं आणि चावायच्या आधी काय होतं, हे बघावं लागतं. बघायला वेळ लागतो आणि तो कोणाला द्यायचा नसतो.

मी बघत राहिले. दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, ती कधी रडत नसे. पडली, खरचटलं, डबा सांडला, तरी चेहरा दगडासारखा. दुसरी गोष्ट म्हणजे आमची रेल्वे.

मॅडमना रेल्वेचा फार अभिमान. हात धुवायला, डबा खायला, घरी जायला निघताना मुलांनी एकामागे एक उभं राहायचं, मागच्याने पुढच्याचा शर्ट नाहीतर फ्रॉक पकडायचा आणि झुकझुक करत जायचं. ॲडमिशनला आलेल्या पालकांना हे मुद्दाम दाखवायचे, बघा, कशी शिस्त. त्या रेल्वेत मागून फ्रॉकला ओढ बसली, कोणाचं पोट पाठीला लागलं, की त्या मुलीचे खांदे वर जायचे. ती अंग चोरायची. पुढे सरकायला जागा नसायची, मागे हटता यायचं नाही. मग एकदम वळायची आणि जे समोर येईल त्याला चावायची. तिन्ही चावे रेल्वेत झाले होते. तिसऱ्या वेळी तिच्या मागे माझा पुतण्या होता, आणि तो इंजिनासारखा ढकलत होता. उंचापुरा मुलगा. त्याला मजा येत होती. त्याचीही चूक नव्हती, झुकझुक करा असं आम्हीच शिकवलेलं.

मी माझ्या वर्गाची रेल्वे बंद केली. चार-चार मुलं घेऊन बेसिनपाशी जायला लागले, ती मुलगी माझ्या बोटाला. मॅडमनी पाहिलं आणि भर वरांड्यात, दोन नव्या पालकांसमोर विचारलं, "ये क्या भाजी बाजार लगाया है?"

घरी मी जावेला हे सांगायचा प्रयत्न केला. खरं तर तेव्हा बोलायला नको होतं. ती वाळत घातलेले कपडे काढत होती, मी खालून जिन्यात उभी होते. म्हटलं, तिला मागून कोणी ओढलं की ती घाबरते, त्या दिवशी आपला मुलगा मागून ढकलत होता, तर आता मी तशी वेळच येऊ देत नाही.

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "म्हन्जे माह्या पोराचीच चूक?"

"चूक कोणाचीच नाही म्हणते मी."

"गाल त्याचा सुजला, आन तुम्ही मले सांगून राहिल्या का तोच ढकलत होता? अख्ख्या कॉलनीले सांगा मंग. फ्लेक्स लावा."

"तू ऐकून तर घे."

"काय आयकू? तुमचं स्वतःचं असतं तं समजलं असतं."

हे वाक्य कधीतरी येणार हे मला लग्नानंतर काही वर्षांनी कळलं होतं. कोणाकडून येईल एवढंच माहीत नव्हतं. मी जिना उतरून खाली आले, कणिक भिजवायला घेतली आणि इतकी भिजवली की रात्री पोळ्या होऊनही गोळा उरला. नवऱ्याने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. तो म्हणाला, "ती रागात आहे, तू कशाला मनावर घेते." मी त्या दिवशी त्याच्याशीही बोलले नाही.

पालकांची मीटिंग शनिवारी सकाळी झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे एक कूलर घुरघुरत होता, त्याच्या समोरची जागा पहिल्यांदा आलेल्यांनी धरलेली. मॅडमनी सुरुवातीला मुलांच्या भावनिक विकासावर काहीतरी वाचून दाखवलं. मग जाऊ उठली. तिने फोटो पुन्हा दाखवला, जो सगळ्यांनी आधीच पाहिला होता. म्हणाली, माझा मुलगा आता झोपेत दचकतो. मी खालच्या खोलीत त्याच्या आवाजाला कान लावून झोपते, तो दचकत नव्हता. एक गृहस्थ म्हणाले, "हम फीस देते हैं. किसी का बच्चा हमारे बच्चे को काटेगा तो हम क्यूँ सहें?" बऱ्याच माना हलल्या. एक बाई म्हणाली की तिची मुलगी आता घरी बाहुलीला चावते, हे इन्फेक्शनसारखं पसरतं.

मुलीचा बाप शेवटच्या रांगेत बसला होता. रात्रपाळी करून सरळ आलेला, मिलचा निळा शर्ट अंगावर, डोळे तारवटलेले, मुलगी मांडीवर. बायको घरी, तिला महिना-दीड महिन्याचं बाळ. मॅडमनी त्याला विचारलं, "आपका क्या कहना है?"

तो उभा राहिला. मुलीला मांडीवरून खाली उतरवलं, तिला समोर उभं केलं आणि तिच्या थोबाडीत मारली. मग म्हणाला, "लो. हो गया ना सबका? आप लोग भी मार लो. सुधर जाएगी."

 कूलर तेवढा चालू होता. एवढा वेळ तावातावाने बोलणारे लोक आपापल्या मोबाइलकडे, चपलांकडे बघायला लागले. मुलगी रडली नाही. गालावर बोटं उठली होती आणि ती खांदे वर करून उभी होती.

मी जाऊन तिला उचललं. मागून उचललं, घाईत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तिने वळून माझ्या खांद्याला कडकडून चावा घेतला.

हॉलमध्ये एकच ओरडा झाला. "देखा? देखा?" जाऊ म्हणाली, "पाहा आता! आता सांगा!" मला इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला ती मुलगी नकोशी वाटली. तिला तिथेच खाली टाकावं आणि घरी निघून जावं असं वाटलं. मी टाकलं नाही, कारण समोर जाऊ होती. तिच्यासमोर मी ते केलं नसतं. चांगुलपणा कमी आणि हट्ट जास्त होता, पण मुलगी माझ्या कडेवर राहिली, एवढं खरं. हळूहळू तिचे दात सुटले.

मी तिच्या बापाला म्हटलं, "यहाँ हाथ नहीं उठाने का. घर में भी नहीं. पण इथे तर नाहीच." तो माझ्याकडे असा बघत होता की मलाही एक लावेल. "आप कौन होती हैं बोलने वाली?" तो म्हणाला. "सबसे पहले तो आप ही ने शिकायत की होगी."

मग मी मॅडमकडे वळले. "हिला काढायचं असेल तर काढा. सोमवारपासून नर्सरीचा वर्ग तुम्ही घ्या."

ही धमकी पोकळ नव्हती. त्याच महिन्यात केजीची एक टीचर सोडून गेली होती, दुसरी बाळंतपणाला जायची होती. तीन वर्षांच्या मुलांचा वर्ग एक तास सांभाळणं मॅडमच्याने झालं नसतं, आणि ते त्यांना माहीत होतं. त्यांनी सगळ्यांसमोर हसून सांगितलं की शाळा प्रत्येक मुलाला संधी देते. नंतर ऑफिसात दार लावून मला म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत. त्यानंतर एक जरी तक्रार आली तर ती पण जाईल आणि तुम्ही पण."

दिवाळीपर्यंत मी त्या मुलीची सावली झाले. तिला तळहात पुढे करायला शिकवलं. हात असा, कोपर सरळ, बोटं वर, आणि एक शब्द: थांब. आधी मी करून दाखवायची, मग ती करायची, आवाज न काढता. आम्ही बाहुलीबरोबर केलं, ठोकळ्यांबरोबर केलं, घसरगुंडीवर केलं. पण एकट्या तिला शिकवून उपयोग नव्हता. तिने हात पुढे केला आणि समोरचा थांबलाच नाही, तर ती पुन्हा दातांवर येणार. म्हणून अख्ख्या वर्गाला शिकवलं: कोणाचा हात वर दिसला की पाय जागच्या जागी. मुलांना तो खेळच वाटला. दिवसभर वर्गात थांब, थांब, थांब. माझं डोकं उठायचं. मधे ती पुन्हा एका मुलाच्या मनगटाला चावली. मी त्या मुलाच्या आईला स्वतः फोन केला, काय झालं, आधी काय झालं होतं, मी कुठे होते, सगळं सांगितलं. ती बाई बरंच बोलली. मी ऐकून घेतलं.

घरी वरून खाली येणं बंद झालं होतं. जावेने दुपारी मुलाला सांभाळायला एक बाई लावली. तरी शाळेत तो माझ्यासमोर असायचा, आणि शाळेत तो मला टीचर म्हणायचा नाही, मोठाईच म्हणायचा. आता बाकीची मुलंही मोठाई म्हणायला लागली होती. मॅडमना ते आवडत नव्हतं.

आणि तो सगळ्यांत आधी थांबायला शिकला. ढकलणारा मुलगा तो, पण त्याला हात वर दिसला की पुतळा व्हायला भारी मजा यायची, एक पाय अधांतरी, डोळे मोठे. ती मुलगी त्याला पुन्हा पुन्हा थांबवायची. मग एक दिवस वाळूच्या हौदात ते दोघं शेजारी बसलेले दिसले. तो कपाने वाळू ओतत होता, ती खाली तळहात धरून बसली होती. मी त्यांना कोणी हाक मारू नये म्हणून दारात उभी राहिले.

वर मात्र त्याने गोंधळ घातला. झालं असं की एका संध्याकाळी जाऊ त्याला रागावत होती, दूध संपव म्हणून, आणि ग्लास त्याच्या तोंडाला लावत होती. त्याने तळहात पुढे केला आणि म्हणाला, "थांब. मले नाही आवडलं." जाऊ ग्लास घेऊन तशीच खाली आली, पाठोपाठ दीर.

"शाळेत हेच शिकवता? मायले हात दाखवते तो!"

"त्याने मारलं का तुला?"

"मारन्यापेक्षा काय कमी आहे? उद्या बापाले दाखवंल."

दीर एरवी कमी बोलतो. तो म्हणाला, "वहिनी, तुमची शाळा तुम्ही शाळेतच ठेवा. घरात आम्ही पाहून घेऊ."

"त्याने आवडलं नाही हे सांगितलं, बस," मी म्हणाले. "ओरडला नाही, ग्लास फेकला नाही. तुमच्या घरात हे कोणाला जमतं?"

हे बोलायची गरज नव्हती. पण मला बरं वाटलं. दीर लाल झाला. जावेने ग्लास माझ्या ओट्यावर आपटला, दूध गॅसखाली गेलं, आणि दोघं वर निघून गेली.

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी जाऊ मुलाला न्यायला लवकर आली. एरवी त्याला सांभाळणारी बाई न्यायची. मुलं मागच्या अंगणात होती. तिने दारातून पाहिलं: तिचा मुलगा आणि ती मुलगी वाळूत, गुडघ्याला गुडघा लावून, दोघांच्या केसांत वाळू. ती सरळ हौदात उतरली आणि मुलाला दंडाला धरून उठवलं. तो म्हणाला, थांब आई. ती थांबली नाही. मग ती मुलगी उठली, जावेच्या समोर आली, तळहात पुढे केला आणि म्हणाली, "थांब."

तिचा आवाज मी शाळेत इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

जावेने तो हात बाजूला ढकलला. जोरात नाही, माशी उडवावी तसा. "हट गं."

मी पाच-सहा पावलांवर होते. मला मुलीचं तोंड उघडताना दिसलं. जावेचा हात तिच्या समोरच होता, बांगड्यांच्या खाली उघडं मनगट. खांदे वर गेले. मी ओरडायच्या बेतात होते. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मग ती रडायला लागली. तोंड तसंच उघडं ठेवून, मोठ्याने, नाक वाहत, श्वास अडकत, अगदी कोणतंही साडेतीन वर्षांचं मूल रडतं तशी. शाळेत पहिल्यांदाच.

मी वाळूत बसले. तिला समोरून जवळ घेतलं. "राग आला ना?" म्हटलं, "तू थांब म्हणालीस आणि कोणी ऐकलं नाही. राग येणारच." ती रडतच राहिली. माझा पदर, माझा खांदा, सगळं ओलं. पलीकडे पुतण्याही रडत होता आणि जाऊ त्याला ओढत फाटकाकडे नेत होती. जाताना ती म्हणाली, "करा तिचेच लाड. ह्या पोराले आता विसरा."

सुट्ट्यांनंतर तो शाळेत आला नाही. त्याला वर्धा रोडवरच्या एका मोठ्या शाळेत घातलं, बस दारात यायची. मला हे बसवाल्याकडून कळलं.

मुलगी राहिली. दिवाळीनंतर चावण्याची तक्रार आली नाही. रडण्याच्या मात्र आल्या. पेन्सिल तुटली की रड, डबा संपला की रड. मॅडम म्हणाल्या, हे काय नवीन. तिचा बाप फाटकाशी मला एकदाच बोलला. "पहले काटती थी, अब दिन भर रोती है. आपने क्या सिखाया?" मी म्हटलं, रडणं चांगलं आहे, चालू द्या. त्याने मला वेड्यात काढलं. पण तो जाताना तिला पाठीमागून न ओढता, समोर येऊन, हात पुढे करून थांबला आणि तिने त्याचं बोट धरलं. तो आधीपासून तसाच न्यायचा की नंतर शिकला, मला माहीत नाही. विचारण्याइतकं आमचं कधी बरं नव्हतं.

पुढच्या वर्षी ॲडमिशनच्या वेळी शाळेच्या फाटकावर नवा फ्लेक्स लागला. एका हसऱ्या मुलीचा पुढे केलेला तळहात, खाली लिहिलेलं की आमच्या शाळेची खास पद्धत, मुलं इथे भावना ओळखायला शिकतात. पालकांना फिरवताना मॅडम माझ्या वर्गात येतात आणि म्हणतात, "बच्चों, दिखाओ थांब." मुलं दाखवतात. मी दर वेळी खिडकीकडे तोंड करून उभी राहते. नोकरी सोडायचा विचार बऱ्याचदा केला. सोडली नाही, कारण माझ्या जागी येईल ती रेल्वे पुन्हा सुरू करेल.

दीर आणि जाऊ बेलतरोडीला फ्लॅट घेऊन राहायला गेले. सामान नेलं त्या सकाळी जाऊ वरच्या मजल्याची किल्ली द्यायला खाली आली. आता आनंद झाला का, तिने विचारलं. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "बाहेरच्या पोट्टीसाठी तुम्ही घरचं पोरगं सोडलं. मी हे कधीच विसरनार नाही."

"तू त्याच्यासाठी भांडली, मी तिच्यासाठी," मी म्हणाले. "मी पण नाही विसरणार."

तिने किल्ली जिन्याच्या कठड्यावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही. मीही ती गेल्यावरच उचलली.

वरच्या दोन खोल्या आता मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात असलेल्या दोन नर्सना भाड्याने दिल्या आहेत. शांत मुली आहेत, ड्युटीवरून येतात आणि झोपतात. नवरा म्हणतो, एकदा बेलतरोडीला जाऊन ये, तू मोठी आहेस. मी म्हणते, मोठी आहे म्हणूनच जाणार नाही. दीर महिन्यातून एखाद्या रविवारी येतो, भावाशी क्रिकेटवर बोलतो, चहा घेतो, खुर्चीच्या टोकावर बसतो. मुलाला आणत नाही. आणि मी त्याला विचारत नाही, कारण त्याने नाही म्हटलं तर काय करायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.